डावीकडचं गाणं

माझा मेहुणा ॲल्फियस हा अख्ख्या अँड्रॉस बेटावरचा सगळ्यात हट्टी माणूस आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते खोटं ठरलं. सगळ्यात हट्टी निघाली माझी थोरली बहीण, इस्मे.

ॲल्फियसला सगळे आल्फी म्हणतात. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, त्यामुळे बहिणीचा नवरा म्हणून मी त्याला कधी मान-बिन दिला नाही, सरळ अरे-तुरे. त्याचं काम पाण्यावरचं. बेटाच्या पश्चिमेला उथळ पाणी नजर पोचेल तिथवर पसरलंय, कुठे गुडघाभर, कुठे घोटाभर, खाली पांढरा चिखल. तिथे भरतीबरोबर बोनफिश चरायला येतो. त्या माशापायी लांबलांबून पाहुणे येतात, पिसं बांधून केलेली खोटी कोळंबी दोरीच्या टोकाला लावून फेकतात. मासा लागला की नाचतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि मग त्याला सोडून देतात. सोडून! आमची आई असती तर झाडू घेऊन मागे लागली असती.

होडीच्या मागच्या बाजूला उंच फळी असते. आल्फी तिच्यावर उभा राहून लांब वाशाने होडी ढकलायचा, आवाज न करता, आणि पुढे उभ्या असलेल्या पाहुण्याला हळूच सांगायचा, "अकरा वाजता आहे." होडीचं नाक म्हणजे बारा, त्यावरून बाकीचं घड्याळ. पाहुण्याला पाण्याशिवाय काही दिसत नसे, पण तो फेकायचा आणि मासा लागायचा. आल्फीच्या डोळ्यांचं सगळीकडे नाव होतं. पाहुणे वर्ष वर्ष आधी त्याचे दिवस मागून ठेवायचे.

खाडीत जाळी टाकणं त्यानेच बंद करवलं. मासा राहिला तर पाहुणे येतील, पाहुणे आले तर पोरांना नसाऊ शहरात जाऊन लोकांच्या चादरी धुवाव्या लागणार नाहीत, असं तो चर्चच्या अंगणात उभा राहून सांगायचा. मी सुट्टीला गावी आले असले की चादरींचं माझ्याकडे बघून बोलायचा, कारण नसाऊच्या हॉटेलात उभा जन्म मी तेच केलं. राग यायचा मला. पण गावाने ऐकलं त्याचं. स्वतःच्या सासऱ्याचं, म्हणजे आमच्या बाबांचं जाळं त्याने किनाऱ्यावर जाळलं, आणि त्या दिवसापासून एक बोनफिश त्याच्या हातून मेला नाही.

तर मी नसाऊ सोडून कायमची परत आले तेव्हा बघते काय, इस्मे रोज त्याच्याबरोबर होडीत! मधल्या खोक्यावर टोपी घालून बसलेली, मांडीवर जेवणाचा डबा. म्हणे पाहुण्यांना गरम जेवण मिळतं. गावाला तर विषयच मिळाला. आमच्या धक्क्यावर सेबर्ट म्हणून एक आहे, शंखातलं मांस काढून विकतो आणि दिवसभर तोंड चालवतो. तो रोज ओरडायचा, "काय आल्फी, आज पण बायको? पाण्यात पडशील म्हणून धरायला आणली का?"

"तुझी येत नाही ना तुझ्याबरोबर, म्हणून पोटात दुखतंय," इस्मे उलट ओरडायची.

बाईलवेडा, असंच नाव पडलं त्याचं. मीही म्हणायचे. वर इस्मे होडीत बसून दिवसभर चर्चमधली गाणी गुणगुणायची. कधी नदीचं गाणं, कधी मेंढपाळाचं. पाहुण्यांना तेही आवडायचं. गाणाऱ्या बाईची होडी हवी, असं सांगून यायला लागले लोक. मी कपाळाला हात लावला.

मग इस्मेच्या पोटात दुखायला लागलं. नसाऊच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि पुन्हा शिवलं. घरी न्या म्हणाले. मी माझं बोचकं उचलून त्यांच्या घरी राहायला आले. आल्फीने होडी धक्क्याला बांधली ती बांधलीच. पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं. दिवसभर तिच्या खाटेशी बसून राहायचा, तिचे पाय चेपायचा. आता सेबर्टसुद्धा गप्प झाला. बायका म्हणायला लागल्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मलाही वाटलं, इतकी वर्षं उगाच बोलले याला.

इस्मेचं खाणं सुटलं होतं. उकडलेल्या माशाचं पाणी दोन चमचे घ्यायची आणि मान फिरवायची. हाडं वर आली होती. आणि एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "मला बोनफिश खायचाय. आईसारखा भाजलेला."

माझा जीव भांड्यात पडला. मागितलं तरी काहीतरी! मी उठलेच. "सेबर्टला सांगते. तो कुठूनतरी आणेल."

"सेबर्टचा नको. बाबांच्या खाडीतला हवा, आणि आल्फीने धरलेला."

आल्फीचा चेहरा पडला. मला वाटलं, मासा मारायचा म्हणून पडला. "इस्मे," तो म्हणाला, "दुसरं काही माग."

"दुसरं काही नको. आणि एकटा जाऊ नकोस. व्हर्नीला घेऊन जा."

"मला?" मी म्हटलं. "होडीत पाय ठेवला की माझा सकाळचा चहा बाहेर येतो, माहीत आहे ना तुला?"

"मग चहा पिऊ नकोस," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि निघालो. माझ्या डोक्यात एकच होतं, आज हिच्या पोटात चार घास जायला हवेत. चार घास गेले तर चार दिवस जास्त मिळतील, असा माझा हिशेब.

खाडीच्या तोंडाशी आल्फीने यंत्र बंद केलं, वासा चिखलात रोवून होडी त्याला बांधली आणि गळाची काठी घेऊन पाण्यात उतरला. मलाही उतरवलं. पायाखाली चिखल असा की चप्पल गेलीच एक. ऊन डोक्यावर, पाण्यावर नुसता लखलखाट. मी त्याच्या मागे उभी, स्कर्ट वर खोचून.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"पाणी. आणखी काय दिसणार?"

"नीट बघ."

"मी काय बघू? बघायचं काम तुझं!"

थोडं पुढे गेलो. मला एक काळं लांबडं काहीतरी हलताना दिसलं. "तो बघ, तो बघ!" मी ओरडले.

"कुठे? तो बघ काय? घड्याळ सांग!"

"अरे समोर! तुझ्या नाकासमोर!"

त्याने फेकलं, तर ते लाकूड निघालं. गवत अडकलेलं, लाटेबरोबर डुलणारं लाकूड. माझ्यासारख्या धुणाऱ्या बाईला ते मासा वाटलं तर समजू शकतं. पण आल्फीला? मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेले कित्येक दिवस हा माणूस माझ्याशी बोलताना असाच बाजूला बघतो. मी समजत होते, दुःखाने नजर चुकवतोय.

"आल्फी, तुला दिसत नाही?"

"कडेचं दिसतं," तो म्हणाला. "जिथे बघायला जातो तिथे भोक पडतं. तुझा खांदा दिसतो, केस दिसतात. तोंड नाही दिसत."

"कधीपासून?"

"इस्मे होडीत बसायला लागली तेव्हापासून."

मग पाण्यात उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणे त्याला तेव्हाच म्हणाले होते, जन्मभर उन्हात पाण्याकडे बघून डोळ्यांचा आतला पडदा गेला, याला औषध नाही. आणि या दोघांनी ते पोटात ठेवलं. पाहुणे वळून बघतील म्हणून बोट दाखवता येत नव्हतं, मग इस्मेने गाणी काढली. नदीचं गाणं म्हणजे डावीकडे. मेंढपाळाचं म्हणजे उजवीकडे. आवाज खाली आला की मासा जवळ आला. एकदम थांबली की आता फेकायला सांग. लहानपणी बाबा जाळं टाकायचे तेव्हा खडकावर उभी राहून कळप ओळखणारी तीच होती. मी घरी भांडी घासत असायचे.

खरं सांगते, मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. "आम्ही तुला बाईलवेडा म्हणत होतो, मूर्खा! गाव हसत होतं. आणि तू हसू दिलंस?"

"हसू दे की. डोळे गेले म्हटल्यावर कोण आलं असतं माझ्याकडे?" त्याचा आवाज फाटला. "या कामाशिवाय मला काय येतं, व्हर्नी? आणि आता तिला एक मासा हवाय. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, आणि तो मला दिसत नाही."

मग मी रडले. तोही रडला. गुडघाभर पाण्यात दोन म्हातारी माणसं, एकीच्या पायात एकच चप्पल.

"शिकव," मी नाक पुसून म्हटलं.

"माशाला रंग नसतो, तो शोधू नकोस. चिखलावर सावली बघ. आणि पाणी एकदम उथळ असलं तर शेपट्या बघ. तो तोंड चिखलात खुपसून खातो, शेपटी वर येते."

किती वेळ गेला कोण जाणे. मान दुखायला लागली, डोळ्यांतून पाणी. एक शार्कचं पिल्लू मासा म्हणून दाखवलं, एक दगड दाखवला. आल्फी चिडला नाही. आणि मग खारफुटीच्या कडेला काहीतरी चकाकलं. धुऊन उन्हात ठेवलेल्या चमच्यांसारखं, तीन-चार ठिकाणी, वर यायचं आणि बुडायचं.

"आल्फी, शेपट्या! दहा, नाही नाही, नऊ वाजता, नाही…"

"घड्याळ सोड," तो कुजबुजला. "गा."

"काय?"

"गा गं. घड्याळाने मला उमगत नाही आता. ती गायची तसं गा."

माझा आवाज म्हणजे कोरड्या विहिरीचा रहाट. चर्चमध्येसुद्धा मी नुसते ओठ हलवते. पण नदीचं गाणं धरलं. आणि काय सांगू, त्याचं अख्खं अंग डावीकडे वळलं, पाय, कंबर, हात, कुणी खांदे धरून फिरवल्यासारखं. मासे आमच्याकडे यायला लागले तसा मी आवाज खाली आणला. मग थांबले.

त्याने फेकलं. दोरी हळूच ओढली, आणि एकदम काठीवरची दोरीची चरखी किंचाळायला लागली. मासा सुसाट समुद्राकडे. आल्फी हसत होता आणि रडत होता, काठी उंच धरून. बऱ्याच वेळाने त्याने मासा जवळ आणला, पोटाखाली हात घालून उचलला, आणि नुसता धरून उभा राहिला. सवयच ती सोडायची. त्याचे हात आपोआप पाण्याकडे जायला लागले.

"इकडे दे," मी म्हटलं. मासा घेतला, होडीपाशी नेला आणि तिच्या कडेवर एकदाच आपटला. आल्फीने तोंड फिरवलं.

परत आलो तेव्हा धक्क्यावर सेबर्टने मासा बघितला. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं. शहाणपण सुचलं म्हणायचं.

मी आईसारखाच केला. पाठीतून चिरला, मीठ, आंबट संत्र्याचा रस, वाटलेली मिरची, कांदा, आणि अंगणातल्या दगडी भट्टीत ठेवला. घरभर वास सुटला. इस्मेला उशांना टेकवून बसवलं, काटे वेचून पांढरं मांस ताटलीत दिलं. आल्फी दाराशी उभा होता.

तिने वास घेतला. बराच वेळ घेतला. "कुणी बघितला?"

"मी," मी म्हटलं. "मी बघितला."

"काय गायलीस?"

"नदीचं."

"सुरात?"

"कसला सूर. बकरी बरी."

ती हसली, पोट धरून, दुखत असताना. मग तिने ताटली माझ्याकडे सरकवली. "घे. तुम्ही दोघं खा."

माझं डोकंच फिरलं. "इस्मे! तुझ्यासाठी त्याने शब्द मोडला. तुझ्यासाठी मी चिखलात मेले. एक घास खा. एक!"

"मला कसली भूक गं आता," ती म्हणाली. "मी मागितला नसता तर हा तुला कधी सांगणार होता? मी गेल्यावर एकटा पाण्यावर गेला असता मरायला, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसला असता. आता तुला माहीत आहे. तुला दिसायला लागलंय. आवाजाचं काय, पाहुण्यांना कळत नाही."

आल्फी दारातून आत आला नाही. चौकटीला कपाळ टेकून उभा राहिला. मी तो मासा खाल्ला. तिच्यासमोर बसून, काटे काढत, शेवटपर्यंत. काय चव होती मला विचारू नका.

त्याच आठवड्यात ती गेली. अख्खं गाव कब्रस्तानात आलं, सेबर्ट इस्त्रीचा शर्ट घालून. पेटी खाली सोडली आणि गाणाऱ्या बायकांनी गाणं सुरू केलं. त्यांना काय माहीत, त्यांनी आपलं नदीचं धरलं.

माझ्या शेजारी आल्फी खड्ड्याकडे तोंड करून उभा होता. पहिली ओळ झाली आणि तो डावीकडे वळला. पाय, कंबर, खांदे, सगळा. डावीकडे कुंपण होतं आणि त्यापलीकडे रिकामा रस्ता. तो तिकडे बघत, हात अर्धवट वर धरून, गाणं कधी थांबतंय याची वाट बघत उभा राहिला. लोकांना वाटलं, दुःखाने भान गेलं.

मी त्याचं कोपर धरलं आणि त्याला हळूच तिच्याकडे वळवलं.