मोठमायने दिलेली गाडी

माझ्या मोठ्या काकूला, सिंधुबाईला, आम्ही घरात मोठमाय म्हणतो. म्हसावदमध्ये मात्र ती ‘गाडीवाली माय’. काका गेले तेव्हा भाग्येशने, तिच्या मुलाने, तिला एक लहानशी पण उंच बांध्याची गाडी घेऊन दिली आणि ड्रायव्हर ठेवायला सांगितलं. ड्रायव्हर तिने आठवडाभर ठेवला. तो उगाच हॉर्न वाजवतो म्हणून त्याला काढला आणि पदर कमरेला खोचून स्वतःच स्टिअरिंगवर बसली. तेव्हा ती पन्नाशीत होती. पुढे कापूस बघायला जायचं असो, शहाद्याचा बाजार असो, गावातलं कुणाचं तापलेलं पोर असो, गाडी निघायचीच. शेजारी बसणाऱ्याने मात्र तोंड उघडायचं नाही, हा तिचा कायदा. बोलायचं फक्त तिने.

मागच्या वर्षी तिचा डावा गुडघा कुरकुरायला लागला. क्लच दाबला की चेहरा वाकडा व्हायचा. भाग्येश पुण्याहून म्हणाला, ही एक्स्चेंजमध्ये देऊ आणि बिनक्लचची नवी घेऊ.

“तुन्ही नवी गाडी तूच चालाव,” मोठमाय फोनवर म्हणाली. “मन्ही गाडी कोणले देवानी, ते मी ठरावसू.”

तिने ठरवलंच होतं. डोंगरातल्या पाड्यांवरून आजारी माणसं दवाखान्यात आणणारी एक संस्था अक्कलकुव्याला आहे. त्यांची जीप पार थकली होती, आणि दगडांवर पोट न घासणारी उंच गाडी त्यांना हवीच होती. मोठमायने नवे टायर घातले, टाकी भरली, आरटीओत नाव बदलून दिलं. गाडी न्यायला संस्थेची ड्रायव्हर आली, सोनम. पंचविशीची, पाड्यावरचीच मुलगी. मोठमायने आधी तिला गावभर गाडी चालवायला लावली, स्वतः शेजारी बसून, आपला तो कायदा सांगून आणि स्वतःच मोडून. मन भरलं तेव्हाच किल्ली तिच्या हातावर ठेवली.

“दिधी ती दिधी,” ती म्हणाली. “आते मी त्या गाडीम्हा पाय ठेवत नही.”

हे तिच्याकडे वडिलांकडून आलेलं. तिचे आबा लेकीच्या सासरी यायचे तेव्हा पाणीसुद्धा घरून आणलेल्या तांब्यातलं प्यायचे. एकदा दिलं की त्या घरचं काही घ्यायचं नाही, असा त्यांचा बाणा. मोठमायला त्याचा कोण अभिमान! मला मात्र लहानपणापासून त्या तांब्याचा राग होता. लेक भरलेला पेला घेऊन उभी, आणि बाप आपला तांब्या उघडतोय, याला मोठेपणा कसला म्हणायचा? पण हे तिच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती.

यंदा मे महिन्यात सोनीबाईच्या मुलीचं लग्न निघालं. सोनीबाई कित्येक वर्षं आमच्या शेतात राबलेली, तेव्हा जाणं भागच होतं. तिचा पाडा मोलगीच्या वाटेवर, डोंगरात. मी आणि मोठमाय वडाप जीपने पोहोचलो, आणि जीप परत गेली. ढोल वाजायला लागला तशी मोठमाय गुडघा विसरून बायकांच्या रांगेत शिरली. झकास नाचली. मग उतारावर एक दगड निसटला आणि तिचा उजवा घोटा मोडला.

सरकारी अँब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन आधीच नंदुरबारला गेली होती. सोनीबाईने संस्थेला फोन लावला. तोवर आम्ही पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय भोपळ्यासारखा सुजला, बोटं काळीनिळी आणि गार पडायला लागली. मी पार घाबरलो. तेवढ्यात वळणावर गाडी दिसली. दारावर लाल अक्षरांत ‘रुग्णसेवा’, पण गाडी तीच.

मोठमायने मान फिरवली. “झोळी करा. माले तशीच उचली लई चाला.”

“पाय जाईल तुझा!” मी ओरडलो.

“जाऊ दे. मी बोलेल शे.” एकदा दिलेला शब्द ती मोडणार नव्हती.

सोनम खाली उतरली. पाय बघितला आणि तिचाही चेहरा उतरला. पण आवाज चढवला नाही. “माय, ही गाडी कुणाची आहे?”

“तुमनी.”

“मग बसा. पाड्यावरचं प्रत्येक माणूस बसतं. तुम्हालाच काय अडलं? मनात ती अजून तुमचीच आहे, म्हणून अडतंय. खरंच दिली असेल तर बसा. नसेल दिली तर ही घ्या.” आणि तिने किल्ली पुढे धरली.

ढोल केव्हाच थांबला होता. मोठमायने किल्लीकडे पाहिलं, मग सोनमकडे. तिला कुणी असं बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“ठेव ती किल्ली,” ती म्हणाली. “उचला रे माले.”

पाय वाचला, आता ती काठीशिवाय चालते, हे आधीच सांगून टाकतो. कारण मला सांगायचंय ते घाटातलं. मागच्या सीटवर पाय लांब करून, माझ्या अंगावर रेलून ती पडली होती. पहिल्याच उतारावर कळवळत ओरडली, “दुसरा टाक, दुसरा!”

“माय, बाकीच्यांनी बोलायचं नाही,” सोनम आरशात बघून म्हणाली. “गाडी आमची आहे.”

मोठमायला वेदनेतही हसू फुटलं. सोनमने पाण्याची बाटली मागे दिली. माझं लक्ष मोठमायच्या हाताकडे होतं. ती क्षणभर थांबली, मग बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायली. पदराने तोंड पुसलं. डोळे भरून आले होते, ते काही पुसले नाहीत.

“गोपाल,” ती मला म्हणाली, “आबानी एकदा तरी मन्हा हातनं पाणी पेवाले पाहिजे व्हतं.”