एर्मानो म्हणजे सख्खा

“लॅटिन राहू द्या, बाई. भाऊबीज परवा आहे. भावाकडे कापडे गावी जाताय की नाही?”

“मास्तर, आधी लॅटिनच ऐका,” मी म्हटलं.

महाडच्या वाचनालयात दुपारी आम्ही तिघं असतो. निवृत्त मास्तर, ग्रंथपाल कुसुम आणि मी. इथे वर्तमानपत्रांपेक्षा आमच्या भांडणांचीच रद्दी जास्त साठली आहे. माझी शाळा सातवीत सुटली. लॅटिन, स्पॅनिश पुस्तकं समोर ठेवून एकटीनं शिकले, त्यामुळे माघार घ्यायची सवय नाही.

रोमन लोकांचा ‘फ्रातेर’ म्हणजे आपला भ्राता. पुढे स्पेनात मठातल्या साधूंनाही तेच म्हणू लागले. मग घरचा ओळखायचा कसा? ‘फ्रातेर गेर्मानुस’, सख्खा भाऊ. हळूहळू भाऊ गळाला, नुसता सख्खा उरला. तोच आजचा ‘एर्मानो’. इटलीत ‘फ्राते’ साधूंकडे गेला, घरी लाडाचा ‘फ्रातेल्लो’ राहिला. फ्रेंचांनी ‘फ्रेर’ दोघांनाही ठेवला.

कुसुम म्हणाली, “आपल्याकडे चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर भाऊच असतो. घरच्यानं कुठे जायचं?”

मास्तर हसले, मग स्वतःचाच किस्सा सांगू लागले. शाळेच्या समारंभात त्यांनी माईकवर सांगितलं होतं, “भाऊंनी मंचावर यावं.” पुढाऱ्याआधी त्यांचा स्वतःचा भाऊ उठला, टोपी नीट करून. त्याला खाली बसवावं लागलं. “नंतर तो माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला आला नाही,” मास्तर म्हणाले.

माझा किस्सा वीर स्टेशनचा. अकरा वर्षांपूर्वी मुंबईहून उतरले. धाकटा भाऊ दत्तू न्यायला येणार होता. रिक्षावाल्यानं विचारलं, “आजी, कोन येनार हाय?”

“भाऊ.”

“पुढारी?”

“नाही रे, सख्खा.”

“मग बसा रिक्षात. तो काय येत नाय.”

हे मी सगळ्यांना हसत सांगते. दत्तू खरंच आला नव्हता. कापलेलं भात शेतात होतं, आभाळ भरून आलं, तो भारे उचलत राहिला. मी शेतकऱ्याचीच मुलगी, मला कळायला हवं होतं. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी मीही गच्चीवरून ओवाळू लागले.

“शब्द झिजतात, मास्तर. माणसं मग काय करणार?”

“शब्दांचं सोडा. अकरा वर्षांत दत्तू एकदाही तुमच्या दारी आला नाही?”

कुसुमनं रजिस्टर मिटलं.

“पहिल्याच भाऊबीजेला आला होता, खाली पायरीवर उभा होता, आणि त्याला पाहून मी चंद्राला पुन्हा एकदा ओवाळलं.”