मला चट्टे, लेकीला ताप

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलेलं. त्या आषाढात लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हां नवराबायकोला रक्त द्यायला मुंबईला बोलावलं.

आमचं घर पोलादपूरच्या वर, कुडपणला. पठार उंच, थंडी हाडात शिरणारी. लेक तान्ही असल्यापासून गार वारा लागला की तिच्या अंगभर चट्टे, ताप, डोळे लाल, गुडघे सुजलेले. आम्ही पित्त म्हणायचो. आमसूल भिजवून अंगाला चोळायचं, घोंगडीत गुंडाळायचं. उतरायचं, परत यायचं. महाडच्या औषधानेही तेच. अकरा वर्षांची झाली तशी तिची मावशी तिला मुंबईला घेऊन गेली, तिथे थंडी नाय म्हणून. तिथेच शिकली, तिथेच मास्तरीण झाली.

त्यानंतर ती घरी आली ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच. तीस वर्षं लेक मला वैशाखातच दिसली. नाचणी झोडताना कशी दिसते, शेकोटीला कशी बसते, मला ठाऊक नाय. पौषात आम्ही शेतात वालाच्या शेंगांचं मडकं विस्तवात लावतो, पोपटी म्हणतात तिला. मडकं उघडलं की पहिल्या शेंगा मी पानावर वेगळ्या काढतो. घेणारी नसते, मग बायकोच खाते आणि मला हसते. एक हिवाळा लेक घरात असावी, एवढंच मला पाहिजे होतं.

आता तिच्या रोगाला नाव मिळालं होतं. अंगातल्या एका जनुकात जन्मापासून चूक, त्यामुळे जंतू नसतानाही अंग पेटतं. औषधाची सुई चालू केल्यापासून ताप जवळजवळ थांबला होता. चूक आली कुठून हे बघायला आमचं रक्त.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या दोघांच्याही रक्तात ती चूक दिसत नाही. हिच्यातच नव्याने झाली असावी."

बायकोला हायसं वाटलं. मी तापलो. "म्हणजे? माझी लेक काय वाटेवर सापडली?"

"बाबा, बरंच झालं ना," लेक म्हणाली.

"काय बरं? मलाबी थंडीत चट्टे उठतात."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. "कधी? एवढा संसार केला, मला नाय दिसले ते."

"पहाटे उठतात, न्याहारीपर्यंत जातात. दाखवायचं काय त्यात?"

"बघा बाई! आजारपणातसुद्धा यांना मान पायजे."

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. लहानपणापासून का, ताप येतो का, सगळं विचारलं आणि पुन्हा रक्त घेतलं. या वेळी जास्त खोल तपासू म्हणाल्या.

श्रावणात परत गेलो. चूक माझ्यात सापडली होती, पण थोड्याच पेशींत. मी आईच्या पोटात वाढत असताना मधेच ती झाली, म्हणून साऱ्या अंगात पसरली नाय, आणि साध्या तपासणीत निसटली. मला नीट उमगेना. तेव्हा लेक म्हणाली, "भाताच्या शेतात एखादीच लाल लोंबी निघते ना बाबा? बियाण्यात नेमका तिचा दाणा गेला, तर त्याचं अख्खं रोप लाल. मी ते रोप."

"म्हणजे माझंच."

"तुमचंच."

छाती भरून आली आणि लगेच रिकामीही झाली. मला चिमूटभर, तिला पोतंभर. एकाच पहाटे दोघांच्या अंगावर तेच उठत होतं, ती घोंगडीत आणि मी गोठ्यात.

बायकोनेच विचारलं, "मग सुई घेऊन थंडीत गावाला येता येईल हिला?"

"जपून जाऊन बघायला हरकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लेक खाली बघत म्हणाली, "तिथली थंडी नुसती आठवली तरी गुडघे दुखतात."

ये म्हणायचं होतं मला, पण जन्मात कुणाकडे काही मागितलं नाय. पोलादपूर येईपर्यंत एसटीत बायको एकच म्हणत होती, "पोटच्या पोरीला विचारायला तोंड झिजतं काय तुमचं?"

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी फोन लावला. "पौषात ये."

"बाबा, हा हुकूम हाय का?"

"तुला काय समजायचं ते समज गो. पण ये."

ती म्हणाली, "चार दिवस येते. ताप आला तर लगेच खाली उतरायचं."

"खांद्यावर घेऊन उतरीन."

"या वयात? मग तुम्हाला कोण उचलील?" ती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली. मी अंगणात माती भिजवून पेंढा घालून तुडवली, बायकोला शिडी धरायला लावली आणि लेक निजायची त्या दरीकडच्या खोलीत भिंत न् कौलांमधल्या फटी एकेक करून बुजवायला लागलो.