बँडमास्तरला आलेली हाक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण ही एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बालाघाटला कॉलेजात होते. तेव्हा काही जर्मन मंडळी विनोदी सिनेमाच्या शूटिंगला आली. एक जर्मन माणूस आमच्या छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, स्टेशनवर उतरतो आणि बँडवाले त्यालाच नवरदेव समजून वाजतगाजत नेतात, अशी काहीतरी गोष्ट. मला इंग्रजी बरं येई, म्हणून मी दुभाषी. बाबा नुकतेच कचेरीतून रिटायर झालेले. त्यांच्या मिशा डायरेक्टरला इतक्या आवडल्या की त्याने त्यांनाच बँडमास्तर केलं. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा!

एरवी बाबा उदासच असत. कटंगीचे मोठे काका आणि ते शेतीच्या वाटणीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हते. बाबा हट्टी, तर काका त्यांच्यावर कडी. संध्याकाळी कटंगीची शेवटची बस सुटायच्या वेळेला बाबा हमखास स्टँडकडे फिरायला जात – बसमध्ये मात्र कधी चढले नाहीत.

विनोदी सिनेमा काढणारी ती माणसं स्वतः काही हसत नसत. सगळ्यात कडक साउंडवाली उटा. सीन झाला की ती तिथली नुसती शांतता टेप करायची, पुढे आवाज जोडताना लागते म्हणे. त्या दुपारी तिच्या सांगण्यावरून मी ओरडले, "मिनिटभर कोणी बोलू नका, हलू नका!" ...आणि सगळे बँडवाले माना खाली घालून, हात बांधून उभे. श्रद्धांजलीच वाटली त्यांना! बाबांनी तुरा काढला आणि मला हळूच विचारलं, "कोण गेलं, माय?"

मला हसू आवरेना. टेप फिरू लागली. कोणी हूं की चूं केलं नाही. पण उटा एकदम भडकली – मध्येच कोण बोललं? तिने टेप मागे घेऊन हेडफोन माझ्या कानाला लावला. खरखर... आणि एका म्हाताऱ्याचा आवाज. "गुंड्या... येतं का बे?"

बाबांना गुंड्या म्हणणारा जगात एकच माणूस. मी हेडफोन बाबांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी दाबला. "दादा होय हा."

तेवढ्यात डायरेक्टरने घाई केली, बँड सुरू झाला. वाजवता वाजवता बाबा थांबले, आणि कॅमेऱ्यासमोरून तडक स्टँडकडे चालू लागले. मी मागे धावले. "बाबा, कोट तरी काढा!"

"राहू दे. मले कटंगीले जा लागते."

बसमध्ये लोक विचारत, "काका, किसकी बारात है?" बाबा मात्र बस थांबली की उठायचे, सुटली की बसायचे.

काकी दारातच रडायला लागली. "मागच्या आठवडी बाजारापासून लकवा मारला, भाऊजी. तोंडातून शब्द नाही फुटून राह्यला."

"मले काहून नाही कळवलं?"

"तुम्ही आले असते का?"

काका खाटेवर पडले होते. लाल कोटातले बाबा दिसले आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते... बिनआवाजाचं. बाबाही हसले, मग दोघेही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले, बाबांच्या हातात हात ठेवून.

आम्ही परत आल्यावर उटाने तीच टेप पुन्हा लावली. नुसती खरखर! घाबरली बिचारी. ज्याचा आवाजच गेला होता त्याने हाक कशी मारली?

पुढे सिनेमाची कॅसेट आली. बाबा निघून गेले तो तुकडा डायरेक्टरने तसाच ठेवलाय. तिकडे थेटरात सगळ्यात मोठा हशा तिथेच पिकतो म्हणे. बँडमास्तर मध्येच थांबतो, काहीतरी पुटपुटतो आणि चालू लागतो. अख्ख्या सिनेमाला खाली इंग्रजी अक्षरं आहेत, तेवढ्या जागी नाहीत. तिथे तो काय म्हणतो ते फक्त आमच्याच घराला कळतं –

"आलो, दादा."