क्लीटसचा लाल दिवा

शूर माणसं मी पाहिली, भित्री पाहिली. पण नुसत्या घशाने शूर असलेला माणूस अख्ख्या बूगनव्हिल बेटावर एकच, आमचा क्लीटस. लढाईत त्याने बंदूक सोडा, रताळ्यांची टोपलीसुद्धा उचलली नाही. डोंगरातल्या बंडखोरांच्या रेडिओवर बसून बातम्या द्यायचा. सरकारी सैन्याच्या नाकेबंदीत सेल मिळत नसत, तर आम्ही मेलेले सेल उन्हात तापवून त्याचा आवाज ऐकायचो. वेडेच होतो!

एकदा त्याने सख्ख्या मावसभावाचंच नाव घेतलं. "डेमियन सैनिकांचा खबऱ्या आहे." डेमियन सैनिकांच्या छावणीत गेला होता खरा, पण पोराच्या तापावर गोळ्या आणायला. तिसऱ्या दिवशी आपल्याच बंडखोर पोरांनी त्याला मळ्यात मारलं.

तह झाला, तर हा पठ्ठ्या पुन्हा रेडिओवर! कार्यक्रमाचं नाव काय, 'सत्याचा तास'. लोकांना त्यांची दुःखं विचारायची आणि मध्येच आपण हुंदका द्यायचा. हुंदकाही काय सुरेल! इकडे डेमियनच्या मुलांना शाळेत अजून 'खबऱ्याची पोरं' म्हणत. त्याच्या बायकोचं, पर्पेतुआचं, एकच मागणं होतं: ज्या तोंडाने रेडिओवर नाव घालवलं, त्याच तोंडाने ते रेडिओवरच परत द्यावं.

समेटाचा दिवस ठरला, गावातल्या मोठ्या झाडाखाली. क्लीटसने रिवाजाप्रमाणे डुक्कर आणलं, सुपारी आणली आणि आपल्या कार्यक्रमासाठी रेकॉर्डरही आणला. त्याचा लाल दिवा पेटवून कागदावरचं वाचू लागला, "कुणाच्या शब्दांनी कुणाचं मन दुखावलं असेल, तर..."

"भाऊजी," पर्पेतुआ म्हणाली, "लढाईत तुम्हाला कागद लागत नव्हता."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी. गावप्रमुख गुरकावला, "नाव घे रे!"

क्लीटसने कपाळ पुसलं, एक हात हळूच खाली नेला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "डेमियन खबऱ्या नव्हता. मी खोटं बोललो."

बायका रडू लागल्या. प्रमुखाने सुपारी फोडली. दोघांनी अर्धी अर्धी चावली की मिटलं. पर्पेतुआने हातच पुढे केला नाही.

"भाऊजी, तुमच्या डब्याचा दिवा का विझला?"

"सेल... सेल संपले असतील, वहिनी."

"मग उन्हात ठेवा की. आम्ही थांबतो."

त्याने रेकॉर्डर उचलून पिशवीत घातला.

"मग हे डुक्कर घेऊन जा," ती म्हणाली. "माझा नवरा या झाडाखाली खबऱ्या झाला नव्हता."

समेटाचं डुक्कर काठीला बांधून परत नेलेलं मी उभ्या जन्मात तेवढंच पाहिलं. पुढे डुक्कर, मागे क्लीटस.

'सत्याचा तास' अजून लागतो म्हणतात. आम्हाला काय माहीत! त्या वेळी गावातले सगळे सेल पर्पेतुआच्या अंगणात उन्हात पडलेले असतात.