अण्णांच्या पायातल्या चपला

शहरात भाड्याने खोली बघायला गेलात, तेव्हा तुम्हाला सोबत घेऊन आलेल्या माणसाच्या पायांकडे तुम्ही कधी पाहिलं होतं का? त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या होत्या, की तो चपलांसकट कट्ट्यावर बसून राहिला होता?

मी पाहिलं नव्हतं. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण ते तोंड फार गोड होतं.

गुलबर्ग्याच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, अण्णांची आडत होती. तुरीच्या पोत्यांना टेकून ते बसलेले असत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, आणि पायात मुडबीच्या चांभाराने शिवलेल्या जाड तळाच्या चपला. मूळचे ते मुडबीचेच. आमच्या भागातून पत्र्याची ट्रंक घेऊन जो कोणी गुलबर्ग्याला उतरे, तो आधी अण्णांच्या आडतीवर जाई. मास्तर असो, कारकून असो, दवाखान्यातला कंपाउंडर असो, खोली शोधून द्यायची ती अण्णांनी. त्याचा एक पैसाही ते घेत नसत.

"बा तम्मा, कूडु," असं कानडीत बसायला सांगत, आणि लगेच मराठीत विचारत, "जेवलास का? खोटं बोलू नगंस, तोंड सुकलंय."

मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "खोली बघू नगं, गल्ली बघ. खोलीत तू झोपणार. राहणार गल्लीत."

गल्ली बघण्याचं त्यांचं एक शास्त्रच होतं. वैशाखात आडाचं पाणी कुठवर जातं ते आधी बघायचं. मग संध्याकाळी एक फेरी मारायची. "ज्या गल्लीत बाया दारात बसून भांडायल्यात, ती गल्ली चांगली. जिथं सगळी दारं लावलेली, तिथं जाऊ नगंस. मेलास तर वासानं कळंल लोकांना." किल्ल्याकडच्या बाजूला त्यांचा ठाम विरोध होता. तिथल्या माकडांनी एका मास्तराचं वाळत घातलेलं धोतर पळवलं होतं. मास्तर बिचारा पायजमा घालून शाळेत गेला, आणि हेडमास्तरांनी त्याला उर्दूच्या वर्गावर पाठवलं. ही गोष्ट अण्णा प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसत.

मला त्यांनी दवाखान्यामागच्या गल्लीत नेलं. घर एका विधवा बाईंचं होतं, सगळे त्यांना अक्का म्हणत. अण्णांनी चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, आणि म्हणाले, "अक्का, पोरगं आणलंय." झालं. अक्कांनी किल्ली दिली. त्याच दिवशी मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीही मिळाली.

मला हे नवल वाटलं नाही. अण्णांचा शब्द म्हणजे काय, हे मी आमच्या गावी, मंठाळला, लहानपणापासून पाहत होतो. निजामाच्या राज्यात बंदी असलेली जी पत्रकं सोलापूरकडून चोरून येत, ती अण्णांच्या पोत्यांतून आमच्या घरी येत. वडील गोठ्यात बसून वाचत आणि मी त्यांच्या मांडीवरून वाचे. मला अक्षरओळख पाठ्यपुस्तकाने करून दिली, पण वाचायला शिकवलं त्या पत्रकांनी. माणूस माणसासारखा आहे, जन्मावरून कोणी उंच नाही, हे त्या मळक्या कागदांवर छापलेलं होतं, आणि तुरीचा वास असलेले ते कागद मला कोणत्याही पोथीपेक्षा पवित्र वाटत. अण्णा कधीकधी अनोळखी माणसाला घेऊन आमच्या घरी येत. त्या माणसाला माळ्यावर ठेवलं जाई. तो कोण, कुठला, कोणत्या जातीचा, कोणी विचारत नसे.

पोलीस ॲक्शननंतर वारं फिरलं, तेव्हा याच अण्णांनी एका मुसलमान शिंप्याचं सगळं कुटुंब आपल्या गोदामात ठेवलं होतं. लोक विचारत आले तर अण्णा दारात आडवे पाय पसरून बसले. "आत तूर हाय," म्हणाले. "तूर घ्यायची असंल तर भाव बोला." ते लोक भाव न बोलता गेले. असा माणूस! अशा माणसावर विश्वास ठेवला म्हणून मला कोणी मूर्ख म्हणू नये.

आता माणिकबद्दल सांगतो.

माणिक माझ्याच शाळेतला मास्तर, माझ्या बरोबरीने लागलेला. निर्ण्याच्या महारवाड्यातला. त्याला लहानपणी बोर्डिंगात घातलं ते अण्णांनीच, आणि शर्टाचं पहिलं कापड दिलं तेही त्यांनीच. माणिकचं पहिलं मूल गावात बाळंतपणातच गेलं होतं. बायकोला पुन्हा दिवस गेले होते. या श्रावणात पाचवा महिना लागला, आणि त्याने ठरवलं की हे बाळंतपण गुलबर्ग्यातच करायचं, दवाखाना हाकेवर असेल अशा गल्लीत. तो रेल्वेच्या रुळांपलीकडे एका पत्र्याच्या पडवीत राहत होता. तिथे पाणी लांबून आणावं लागे आणि पावसाळ्यात टांगा येत नसे. तिथे गरोदर बाई आणणार कशी?

आम्ही अण्णांकडे गेलो. अण्णांचे डोळे भरून आले. "बाळंतपण हाय म्हणतोस? मग तर चल, आताच निघू."

तिघं निघालो. पहिल्या दारात अण्णा कट्ट्यावर टेकले आणि उजवा पाय चोळू लागले. "कुरूप ठणकायलंय रे. चप्पल काढवत न्हाई. तुमी बोला, मी हितंच बसतो." आणि बसल्या जागेवरून त्यांनी माणिकची अशी स्तुती सुरू केली की माणिक लाजून खाली बघू लागला. घरमालकाने आधी अण्णांकडे पाहिलं, मग हात जोडले. खोली कालच गेली होती. दुसऱ्या घरी जावई राहायला येणार होता. तिसऱ्या घरीही जावईच निघाला.

परतताना माणिक म्हणाला, "अण्णा, गुलबर्ग्यात जावयांची साथ आलीया जणू."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण हसताना त्यांनी माणिककडे पाहिलं नाही, हे मला आता आठवतं.

भाद्रपदात माझ्या शेजारची खोली रिकामी झाली. तिच्या मागच्या दारातून दवाखान्याचा लिंब दिसे. मी अक्कांना म्हटलं, माझ्या मित्राला द्या. अक्का म्हणाल्या, "अण्णांना येऊन सांगू दे." अण्णा आले. कट्ट्यावर बसले. पाय चोळला. "असं गुणाचं पोरगं जिल्ह्यात न्हाई, अक्का," म्हणाले. अक्कांनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "बघते." दुसऱ्या दिवशी त्यांना एक भाचा झाला आणि त्याला खोली हवी झाली.

भाचा काही आला नाही. खोलीला कुलूप राहिलं. शेवटी मी विचारलं, "अक्का, भाचा कवा येणार?"

"कोण भाचा?" अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली. मग एकदम चिडल्या. "मला कामून बोलायलास? अण्णांना विचार जा. त्यांनी चपला काढल्या का?"

"त्यांच्या पायाला कुरूप झालंय."

"कुरूप! तुला आणलं तवा कुठं गेलतं कुरूप? सैपाकघरापतुर आले की चपला काढून!" त्या खाली बसल्या आणि समजूत घातल्यासारख्या बोलू लागल्या. "रझाकारीपासनं हेच हाय रे. बरोबरचा माणूस भरवशाचा असला की अण्णा चपला काढून आत यायचे. मग आमी त्याला लपवायचो. खबऱ्या असल्याचा संशय असला की चपला पायातच. तोंडानं त्यांनी काय बी बोलावं, आमी पायाकडं बघायचो. किती जणांचा जीव वाचला त्यानं. आता अण्णांनीच चपला काढल्या न्हाईत, तर मी खोली कशी देऊ, तूच सांग."

मला मंठाळचं आमचं दार आठवलं. अण्णा आले की आई आधी मान खाली घाली. मला वाटे, ती आदराने घाली.

वाचकहो, नीट समजून घ्या. जी खूण माणसं वाचवण्यासाठी जन्मली, जिच्यावर आमच्या भागातल्या बायांनी आपली घरं पणाला लावली, तीच खूण या माणसाने जपून ठेवली आणि खबऱ्याच्या जागी माणिकला उभं केलं. निजाम गेला. रझाकार गेले. खूण मात्र नोकरीवर कायम राहिली. शिंप्याला गोदामात ठेवताना अण्णांनी जात विचारली नाही. आणि स्वतः शिकवून मोठ्या केलेल्या मुलाला चार भिंती देताना त्यांना ती आठवली.

मी तडक गंजात गेलो.

"अण्णा, कुरूप कुठल्या पायाला हाय?"

अण्णांनी डावा पाय पुढे केला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो हळूच मागे घेतला.

"कूडु तम्मा."

"न्हाई बसत. माणिकला तुमी खबऱ्या केलंत."

"मी त्याला एका शब्दानं तरी न्हाई म्हटलो का?"

"तेच तर म्हणायलोय. तोंडावर न्हाई म्हटला असता तर त्यानं तुमचा नाद सोडून दुसरीकडं बघितलं असतं. तुमी त्याला दारोदार फिरवलंत, आन् त्याच्यासमोर दारं लावून घेतलीत."

गिऱ्हाईक ऐकत होतं. अण्णांनी आवाज खाली आणला. "माझ्या पायावर लोकांचा भरवसा हाय. एकदा त्याच्यापायी चप्पल काढली आन् उद्या बोभाटा झाला, तर परवा दुसऱ्या पोराला घेऊन गेलो तर दार कोण उघडंल?"

"मग तो भरवसा ठेवलाय कशाला? माणिकच्या बायकोच्या वेळेला कामाला येत न्हाई, तर कवा येणार?"

ते बराच वेळ पोत्यातली तूर हातात घेत आणि सोडत राहिले. मग म्हणाले, "तुमी पत्रकं वाचून मोठी झालात. मी वाटून म्हातारा झालो. दोन्हीत फरक हाय, तम्मा."

"व्हय," मी म्हटलं. "वाटणाऱ्यानं वाचली नव्हती, एवढाच फरक."

त्यानंतर मी आडतीवर पाय ठेवला नाही. अक्कांची खोलीही सोडली. ज्या चपलांनी ती मला मिळवून दिली होती, त्यांच्या आधारावर मला तिथे झोप येईना. माणिकच्या पडवीत दुसरी चटई टाकली. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, निदान एका घरी तरी चपला काढतील." म्हणजे त्याला ठाऊक होतं! दुसऱ्या दारापासून ठाऊक होतं. माझ्यासारखं पत्रकांचं शिक्षण न घेताही त्याला पाय वाचता येत होते, आणि तरीही तो प्रत्येक दारात आशेने उभा राहिला होता.

दिवाळीनंतर अण्णा गेले. आडतीवर बसल्या बसल्याच छातीत कळ आली.

मी जाणार नव्हतो. माणिक शर्ट घालत म्हणाला, "मी जायलोय. त्यांनी मला बोर्डिंगात घातलं. तू येत नसशील तर नगं येऊस." मग मीही गेलो.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अण्णांना बसवलेलं होतं. अंगभर विभूती, गळ्यात झेंडूच्या माळा. अंगण माणसांनी भरलं होतं; त्यातल्या कित्येकांना खोल्या त्यांनीच बघून दिल्या होत्या. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडला होता, आणि भिंतीकडेला वेगळ्या ठेवलेल्या त्यांच्या चपला. मुडबीच्या, जाड तळाच्या. कोणी हलवल्या नव्हत्या.

माझे पाय तिथेच अडले. माणिकचे अडले नाहीत. त्याने आपल्या चपला काढल्या, अण्णांच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि आत जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कोणी अडवलं नाही. त्या दिवशी खूण करायला कोणी नव्हतं. अक्का बायकांत बसल्या होत्या. त्यांनी माणिककडे पाहिलं, आणि पदर सावरून थोड्या बाजूला सरकल्या.

निघताना त्या दारात माझ्याजवळ आल्या. रडून डोळे सुजले होते. म्हणाल्या, "आता कुणाच्या पायाकडं बघायचं रे?"

"माणसाकडं बघा की, अक्का."

त्यांच्या खोलीला अजून कुलूप आहे.

सध्या आपल्याकडे सभांवर सभा चालल्या आहेत. हैदराबाद राज्य मोडणार, आपला जिल्हा कुठे जाणार, मराठीकडे की कानडीकडे? मीही त्या सभांत बोलतो, टाळ्याही घेतो. जिल्ह्याला कुठलं तरी राज्य मिळेलच. माणिकला गल्ली मिळत नाही. पौषात त्याच्या बायकोचे दिवस भरतील. ती निर्ण्याला वाट बघते आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या गुलबर्ग्याच्या माणसाला माझी विनंती आहे. दवाखान्याच्या जवळ तुमची एखादी खोली रिकामी असेल, तर शाळेवर निरोप पाठवा. निरोप आला नाही तरी आम्ही येणारच आहोत, गल्लीतलं एकेक दार घेत. आमच्याबरोबर तिसरं कोणी नसेल, आणि दोघांच्याही चपला उंबऱ्याबाहेर काढलेल्या असतील. तुम्ही खाली बघू नका. खोली असेल तर आहे म्हणा. द्यायची नसेल तर जावई काढू नका. माणिककडे बघा आणि त्याच्या तोंडावर नाही म्हणा.