हा प्रचार नेमका कुणाचा?

प्रचाराचा कागद हातात दिला की आमचे पुकारणारे चाचा बोटं मिटत बसायचे. समोरच्या पक्षाचं नाव आलं की एक बोट. शेवटी मूठ वर करून विचारायचे, "साहेब, हा प्रचार नेमका कुणाचा?"

भोंग्याच्या रिक्षातून पुकारणारा असा आवाज तुम्ही ऐकला नसेल. उस्मानपुऱ्यात चाचांनी "ऐका हो" म्हटलं की तिकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला हर्सूलच्या जेलात कैदी हजेरीला उभे राहायचे. खोटं वाटत असेल तर जेलरला विचारा. स्वतः चाचा तर सांगायचे, "पोलीस ॲक्शनची फौज शिरली त्या दिवशी जन्मलो. त्या दिवशी तोफा कुणाला ऐकूच आल्या नाय!"

महानगरपालिकेच्या एका निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचे कागद मी लिहायचो. आमच्या वॉर्डात नळ कोरडे होते, आणि एक कडवा पक्ष नव्यानं उतरला होता. चाचांसारख्यांना शहरातून हुसकावा, एवढंच त्याचं म्हणणं. आमचे उमेदवारसाहेब घाबरले. म्हणाले, "त्याची मतं खेचायची तर त्याच्याहून कडक बोला." मी इतकं कडक लिहिलं की वाचताना माझ्याच चष्म्याची काच तडकली.

चाचांनी बोटं मिटली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला.

"त्याचं नाव सात वेळा, आपलं दोनदा, नळाचं एकदाबी नाय. सत्तेतलेच त्याची भाषा बोलाया लागले तर लोक म्हणतील, गडी खरंच बोलतोय. मग मत अस्सल मालाला देतील, नकलेला कशाला?"

"चाचा, तुम्ही फक्त वाचा."

तोफेसारखा तो माणूस एकदम हळू बोलला, "तो आला तर मी राहू कुठं, साहेब?"

मी मान खाली घातली. कागद मात्र बदलला नाही.

गल्ल्या वाटून घेऊन दोन रिक्षा निघाल्या. एकीत कागद घेऊन मी, दुसरीत चाचा. चाचांचा कागद म्हणे वाऱ्यानं उडाला. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं! त्यांनी गल्लोगल्ली पुकारलं, "परवा सकाळी नळ येणार! नाय आला तर घागरी घेऊन उमेदवारसाहेबांच्या दारात चला, मी पुढं हाय!" साहेबांची गाळण उडाली. तिसऱ्या दिवशी ते स्वतः पाण्याच्या टाकीवर जाऊन उभे राहिले. नळाला पाणी आलं.

मतमोजणीत माझ्या गल्ल्यांतल्या पेट्या भसाभसा त्या कडव्या पक्षाच्या निघाल्या. चाचांच्या गल्ल्यांनी आम्हाला कसंबसं तारलं. साहेबांनी हार घातला तो माझ्या गळ्यात. "काय कडक लिहिलं!" मीही लाज सोडून तो घालून घेतला. कोपऱ्यात चाचा हसत होते.

"राहू द्या साहेब, शोभतो तुम्हाला. फक्त पुढच्या टायमाला कागद कोरा द्या."

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. परवा दारावरून सत्ताधाऱ्यांची रिक्षा गेली. आत पुकारणारं कुणी नव्हतं, नुसतं रेकॉर्डिंग. माझी बोटं आपोआप मिटत गेली. दोन्ही हातांच्या मुठी झाल्या तरी नळाचं नाव नाही. तशाच मुठी वर करून मी जीव खाऊन ओरडलो, "हा प्रचार नेमका कुणाचा?"

शेजारच्यानंसुद्धा मान वळवली नाही.